लिंबोळीचा साबण
लिंबोळीच्या तेलाचा कडवट वास आला की मला अमडापूरचा बाजार आठवतो. मी तेव्हा नवा ग्रामसेवक होतो. मजूर बायकांना घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून मी त्यांना साबण करायला शिकवलं होतं. त्या बाजारात दिवसभर उन्हात आम्ही पोत्यावर काळपट वड्या मांडून बसलो. लोक वडी उचलत, हुंगत आणि शेजारच्या दुकानातला गुलाबी साबण घेऊन जात. संध्याकाळी आमच्या बायकांमधली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमी शिकवलं, आमी केलं. पन घेईन कोन, हे काऊन नाई पाह्यलं?" मी खाली मान घालून वड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा शेतात निंदायला गेल्या. आज कबूल करतो, पुढेही नोकरीभर मी गावोगाव वस्तू करायला शिकवल्या आणि गिऱ्हाईक शोधणं बायकांवरच सोडलं.