पांढऱ्या हत्तीचं वजन

अर्धापूरच्या बाजूला केळीच्या बागांमध्ये एक विहार आहे. तिथल्या मौन शिबिरात मोठी माणसं डोळे मिटून बसायची आणि त्यांची पोरं माझ्या ताब्यात यायची. मी नांदेडहून पिशव्या भरून नेल्या होत्या: रंगीत कागद, बोथट कात्र्या, रद्दी, ब्रश, जुने टॉवेल. फुगे मात्र यादीतून खोडले. फुगा फुटला की ध्यानाला बसलेली माणसं कशी दचकून उठतात, ते आधीच्या शिबिरात बघून झालं होतं.

नियम सोपा होता. व्हरांड्यातल्या टेबलापाशी कुजबुज चालेल, आवाज नाही. पोरांनी तो लगेच सोयीनं वापरायला घेतला. हिरवा रंग कुणी सांडला असं विचारलं, की सगळी तोंडावर बोट ठेवून मौनात जायची.

त्यात देगलूरहून आईबरोबर आलेली एक पहिलीतली मुलगी होती. आई जेवताना समोर दिसायची, पण बोलायची नाही. पोरीला ते फार लागलं होतं. तिनं माझ्या कानात सांगितलं, "मावशी, मौन सुटल्यावर आई सगळ्यात आधी माझ्या हत्तीबद्दल बोलली पाहिजे. दुसरं काहीच न्हाई." हत्ती पांढरा हवा, बुद्धाच्या आईच्या, महामायेच्या स्वप्नातला, आणि समारोपाला मूर्तीसमोर बसायला हवा, हेही तिचं ठरलेलं होतं.

पोटासाठी गोल साचा हवा होता. मी दोन भावांच्या हातातली कात्री सोडवत होते, तेवढ्यात तिनं कुठून तरी साचा लोटत आणला आणि त्यावर रद्दीच्या पट्ट्या चिकटवूनही टाकल्या. मला वाटलं, मडकं असेल. विचारलं तर तोंडावर बोट. चिकटवायला मैद्याची खळ मामूंनी शिजवून दिली. मामू म्हणजे आमचे स्वयंपाकी, नांदेडात लग्नाच्या पंगती सांभाळणारे. त्यांना मौनाची सक्ती नव्हती, पण शिबिराला बसलेल्यांपेक्षा तेच ते जास्त कडक पाळायचे. खळ देताना त्यांनी हत्तीची पाठही थोपटली.

केळफुलाची सोंड लागली, केळीच्या वाळक्या पानांचे कान लागले, पांढऱ्या रंगाचे दोन थर चढले. पाय काही टिकेनात, म्हणून हत्ती बसलेला आहे असं ठरलं.

समारोपाच्या सकाळी मामू व्हरांड्यात आले आणि हातांनी हवेत मोठा गोळा काढून दाखवू लागले. पोट फुगलं असेल म्हणून मी ओव्याची पुडी दिली. त्यांनी कपाळाला हात लावला. मग सुरी चालवल्याची खूण केली, मग बिया थुंकल्याची. तेव्हा उमजलं: टरबूज. शेजारच्या शेतकऱ्यानं दान दिलेलं एकुलतं एक टरबूज मूर्तीसमोर ठेवून मग सगळ्यांना वाटायचं होतं, आणि ओल्या पोत्याखालून ते गायब होतं. आम्ही टेबलाखाली शोधलं, टाकीमागं शोधलं, हत्ती बाजूला सारून त्याच्या मागंही शोधलं असतं, पण तो सरकेना.

मामू हत्तीकडं बघत राहिले. बाजारात फळ पारखतात तसं त्यांनी त्याच्या पोटावर बोटानं वाजवलं, कान लावला, आणि आत जाऊन सुरी घेऊन आले.

पोरगी हत्तीला मिठी मारून बसली. आता ही भोकाड पसरणार आणि अख्ख्या हॉलचं ध्यान मोडणार. मी घाईघाईनं पोटाकडं बोट केलं, मग हॉलमधल्या मूर्तीकडं. फळ मूर्तीसमोर ठेवायचंच होतं ना? हत्ती ठेवला की तेही ठेवलं गेलं. मामूंनी जरा विचार केला आणि सुरी खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळली. आम्ही दोघांनी मिळून हत्ती आत नेला.

वंदना झाली, घंटा वाजली, मौन सुटलं. आई उठून पोरीजवळ आली. पोरगी तिच्या ओठांकडं टक लावून उभी.

"अगं बाई, केवढा हत्ती," आई म्हणाली. "गाभण हाय का काय?"

पोरीनं माझ्याकडं जिंकल्यासारखं बघितलं. इतके दिवस गप्प असलेल्या मामूंना कंठ फुटला. "हाव ना बाई, दिवस भरलेत. लोकं ताटं घेऊन बसून राहिले. आता बाळंतपण कुणी करायचं?"

पोरीनं हत्तीभोवती एक चक्कर मारली आणि त्याच्या तोंडापाशी जाऊन बसली.

"मागून कापा," ती मामूंना म्हणाली. "मी सोंड धरते."