उसवलेला मफलर

नाताळच्या सुट्टीत मी विणकाम शिकले आणि आत्यासाठी मफलर विणला. तो देऊन दोन दिवस होतात न होतात तोच तिच्याकडे गेले, तर आत्या गॅलरीत उन्हाला बसून माझाच मफलर उसवत होती! मी दारातच थिजले. तिच्या मांडीवर लोकरीचा ढीग पडला होता.

“आत्या, अगं, हे काय करतेस?”

“मधे एक टाका सुटलाय तुझा. आज ना उद्या तिथूनच उसवत गेला असता.” तिने वरही पाहिलं नाही. “बस, पुढे तू विण.”

माझे आठ दिवस त्या ढिगात होते. गेल्या वर्षी मी तिला दुकानातून आणलेली शाल तिने “छान आहे हो” म्हणून कपाटात ठेवली, ती आजही पिशवीतच आहे. त्या शालीत चूक शोधायला ती कधी गेली नाही.

सुया घेऊन मी सुटे टाके उचलायला वाकले. उसवलेल्या लोकरीत माझ्या प्रत्येक टाक्याचा वळसा तसाच होता. मफलरचं दुसरं टोक कुठे आहे म्हणून पाहिलं, तर ते पदराआड तिच्या गळ्याभोवती गुंडाळलेलं. उसवतानाही तिने तो काढला नव्हता.

विणायला मला तिच्या अगदी जवळ सरकून बसावं लागलं.