सरांच्या हातासाठी तेल

नांदेडला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात काम शिकलो आणि तेवढ्या जोरावर लातूरच्या एका बोलिंग हॉलमध्ये मशिनी सांभाळायला लागलो. कोचिंग क्लासेसमुळं शहर तेव्हा नुसतं फुगत चाललं होतं. रविवारी संध्याकाळी आमच्याकडं लीग असायची. डॉक्टर, व्यापारी, क्लासचे मास्तर टीम करून खेळायचे.

लेनच्या, म्हणजे बॉल घरंगळत जातो त्या लांब पट्ट्याच्या, लाकडावर तेलाचा पातळ थर द्यावा लागतो. तेल असेल तिथं बॉल सरळ घसरतो, तेल संपलं की पकड घेतो आणि वळतो. तेल कुठपर्यंत न्यायचं, ते मशीनवर मी लावायचो.

एका क्लासच्या टीममध्ये फिजिक्सचे सर होते. भूकंपात त्यांचा उजवा हात भिंतीखाली सापडला होता. मनगट वाकडंच जुळलं. बॉल सोडताना हात आपोआप फिरायचा आणि बॉल शेवटाला डावीकडं पळायचा. त्यांच्या मिसेस, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, सोबत यायच्या, पण वर हॉलमध्ये यायच्या नाहीत. खाली रसवंतीच्या बाकड्यावर बसून राहायच्या. लाकडावरून बॉल जाताना गडगड होते, ती त्यांना सोसायची नाही. "त्या रात्री जमिनीतून असंच आलं होतं," एवढंच त्या मला एकदा बोलल्या. मी तेव्हा मुखेडला, लहान होतो. आमच्याकडं फक्त फळीवरची भांडी पडली होती. 

एकदा सरांनी मला बाजूला घेतलं.

"तेल जरा पुढपर्यंत नेता येईल का हो? म्हणजे माझा बॉल सरळ राहील."

पुढच्या रविवारी नेलं. सरांचा बॉल सरळ गेला, टोकाला उभ्या केलेल्या पिना धडाधड पडल्या. सर लहान पोरासारखे हसले. पण बाकीच्यांचे बॉल वळेचनात. त्यांनी मुद्दाम वळणारे बॉल पुण्याहून आणलेले. एक डॉक्टर थेट मालकाकडं गेले.

मालक मला म्हणाले, "लेन काय एका माणसाची हाय का? सगळ्यांना जमंल असं कर."

सगळ्यांना जमेल असं नव्हतंच. तरी मी खटपट केली. सर उजव्या कडेनं टाकायचे, म्हणून तेवढ्या पट्टीत तेल लांब नेलं, बाकी आखूड ठेवलं. पहिल्या गेमला जमलं. दुसऱ्यात बाकीच्यांचे बॉल त्या पट्टीवरून जाऊन तेल पुसायला लागले. तिसऱ्या गेमपर्यंत पट्टी कोरडी. मॅच चालू असताना तेल मारायची परवानगी नव्हती.

फायनलला हेच झालं. शेवटच्या गेमला सरांचा प्रत्येक बॉल डावीकडं पळत होता. मशीन माझ्या मागं उभी होती आणि मी हात बांधून बघत होतो. त्यांच्या क्लासचे मालक मोठ्यानं म्हणाले, "सर, फिजिक्स शिकवून राहिले तुम्ही, अन् बॉल सरळ जाईना?" लोक हसले. सरही हसले. मला ते बघवलं नाही.

पुढच्या लीगला त्यांचं टीममध्ये नाव नव्हतं. काही महिन्यांनी ते बाजारात भेटले. मी म्हणालो, "सर, दुपारी हॉल रिकामा असतो. या. तुमच्यापुरती लेन करून ठेवतो."

आले. मी त्यांना हवं तसं, लांबपर्यंत तेल मारलं होतं. लेन काचेसारखी चमकत होती. सरांनी बॉलच्या भोकांत बोटं घातली, उचलला, आणि तो हातातून निसटून पायाशी पडला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. मी हलका बॉल आणून दिला. तोही धरवला नाही.

"आता बोटंच धरत नाहीत," ते हात चोळत म्हणाले. "तेलाचं काही नाही. तुम्ही चांगलं केलंत."

मी पाणी आणलं. ते प्यायले आणि कठडा धरत जिना उतरले. खाली बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात क्लास सुटलेली पोरं वाढदिवस करायला आली. रिकामी लेन दिसली म्हणून त्यांनी तीच मागितली. मी दिली.