चौदा दारांचं घर

सौदीतल्या खमीस मुशैत शहरात आमच्या इमारतीखाली सुतारकामाचं दुकान होतं. तिथले चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. कुणाच्याही घरी गेले की आधी दार एका बोटानं ढकलून बघत, मग सलाम करत.

नव्या सरकारी नियमानं त्यांची जागा आता सौदी माणसाला द्यायची होती. माणूस आलाही, दोन मुलांचा बाप. तो दारं बसवायला शिकला, अशा कागदावर चाचांनी सही केली की चाचा गावी परत जाणार होते.

सुट्टीत मी कॉलेजसाठी, पुस्तकात बघून, अमेरिकेतल्या जुन्या फ्रेंच मळेवाल्याच्या घराचं मॉडेल करत होतो. उंच जोतं, चारही बाजूंनी व्हरांडा, आणि प्रत्येक खोली थेट व्हरांड्यात उघडणारी.

"दारं किती?" चाचांनी विचारलं.

"चौदा."

"यावरच याची परीक्षा घेऊ."

तो सौदी चिमट्यानं काडेपेटीएवढी दारं बसवू लागला. चाचा मला रोज म्हणत, "पुस्तकात नीट बघ रे, आणखी एखादं असेल." आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पुस्तकात नसलेलं दार सांगायचा धीर मला झाला नाही.

चौदावं दार बसलं. चाचांनी सगळी ढकलून पाहिली. एकही अडलं नाही.

"खलास?" सौदीनं विचारलं.

तेवढ्यात मला आठवलं. "चाचा, आगीच्या भीतीनं स्वयंपाकघर मागं वेगळं बांधायचे. त्याला दोन दारं असतील."

सौदीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

"ते बिनदारांचं, उघडंच ठेव," चाचा पेन शोधत म्हणाले, "धूर जायला नको?" आणि त्यांनी सही केली.