आहेराच्या साडीत बांधलेली बरणी

मालेगावचं भाड्याचं घर सोडून वाशिमला जायचं ठरलं, तेव्हा माझा सगळा जीव काचेच्या सामानात अडकला होता. टेम्पोवाला काही खड्डे चुकवणाऱ्यांतला नव्हता, आणि कपबशा गुंडाळायला घरात रद्दी नव्हती. पेपर आम्ही कधीच बंद केलाय, बातम्या मोबाइलवर. मग मला कपाटातला आहेराच्या साड्यांचा ढीग आठवला. लग्नाकार्यात आलेल्या, पुढे कुणाला तरी द्यायला ठेवलेल्या. त्यांत बशा, ग्लास, लोणच्याची चिनीमातीची बरणी, सगळं घट्ट गुंडाळलं. माझ्या नेसायच्या साड्या मात्र सुटकेसमध्ये. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

सामान उतरलं त्याच दिवशी मोठी नणंद किन्हीराजाहून एसटीने आली. शेतातलं काम टाकून, वर आमच्यासाठी भाकरी-ठेचा बांधून. चहा व्हायच्या आधीच ती खोक्यांपाशी बसली.

"तू सैपाकघर पाह्य, मी हे सोडतो," म्हणाली. मी हो म्हटलं आणि तिथेच फसले.

बरणीभोवतीची साडी तिनेच मला दिलेली होती, माझ्या मुलीच्या बारशाला. किरमिजी, बारीक काठाची. मी तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. आता तिच्यात लोणच्याचं तेल झिरपलं होतं. नणंदेने ती हातात धरून काठ चाचपला.

"ताई, घाईत हाती लागली ती..." मी धडधडीत खोटं बोलले.

"बरनी फुटली नाई ना? मंग झालं," म्हणून ती साडीची घडी घालू लागली. चिडली असती तर बरं झालं असतं; मीही चार शब्द उलट बोलून मोकळी झाले असते.

घडी घालताना तिने पदर खोचला, आणि तेव्हा कुठे तिच्या अंगावरची साडी मी नीट पाहिली. गेल्या भाऊबिजेला आम्ही दिलेली. तीही त्याच ढिगातली; रंग आवडला नाही म्हणून मी ती तिच्या पिशवीत सारली होती. तिने तिला फॉल-पिको केलं होतं, जुळतं ब्लाऊज शिवून घेतलं होतं.

मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"चांगली दिसते ना? भावाच्या घरची हाये, रोज कायले नेसू? तुमच्या नव्या घरी याचं होतं, म्हनून काढली."

मी हो म्हटलं. धरणीने तिथल्या तिथे पोटात घ्यावं, असं झालं मला.