ताऱ्यांच्या रांगेतली फट

भूमेश्वरी रहांगडाले माझी विद्यार्थिनी. नववीत असताना तिने भर वर्गात माझं गणित चुकीचं ठरवलं होतं, आणि मास्तर असूनही मी मनातून खूश झालो होतो. आता ती कुडव्यात खोली घेऊन राहते, स्कूटीवरून शिकवण्या घ्यायला जाते आणि उरलेल्या वेळात पीएचडीसाठी आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णद्रव्याचा नकाशा काढते.

हे कृष्णद्रव्य दिसत नाही, पण त्याला वजन आहे, म्हणून तारे त्याच्याकडे ओढले जातात. "जे दिसतच नाही, त्याचा नकाशा कायले काढून राहिली वो?" सारा मोहल्ला विचारतो. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

यंदा तिला ताऱ्यांच्या एका लांबलचक रांगेत फट सापडली. तिचं म्हणणं, कृष्णद्रव्याचा एखादा गोळा तिथून आरपार गेला असणार. नागपूरचे मार्गदर्शक म्हणाले, "मोजणीतली चूक आहे. फट काढून टाक, नाहीतर प्रबंधावर माझी सही नाही." पाच वर्षांची मेहनत त्या एका सहीवर अडली. "टाक काढून," मीही म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते.

ती सालेकशाकडच्या आपल्या गावी निघाली, मीही सोबत गेलो. तिचे वडील झामसिंग धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, उभे होते. आतलं पाणी कुठून तरी झिरपून जात होतं. त्यांनी मूठभर भुसा पाण्यावर टाकला आणि बघत राहिले. भुसा हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकला. तिथे धुऱ्यात, म्हणजे बांधाच्या मातीत, हात घातला, तर खेकड्याचं बीळ!

"गुरुजी, तारे म्हंजे भुसाच," भूमेश्वरी म्हणाली.

परत येऊन तिने संगणकात खोटी आकाशगंगा उभी केली. चाळीस वेळा गोळ्याशिवाय चालवली, रांग अखंड राहिली. चाळीस वेळा गोळा सोडला, दरवेळी तशीच फट पडली. सगळे कागद घेऊन आम्ही नागपूर गाठलं.

"पण गोळा दिसला कुठे?" मार्गदर्शकांनी विचारलं.

ती तडकली. "सर, बीळ दिसाची वाट पायली असती, तं माह्या बापाची बांधी सुकून गेली असती. फट राहीन. सही द्या, नाही तं नका देऊ."

त्यांनी पेन खिशाला लावलं. तिने फाइल उचलली.

"चला गुरुजी, दुसरे मार्गदर्शक पाहू."