माझ्या आईचा आवाज गेला नव्हता

गवताच्या ट्रकवर बसून मी पाडा सोडला. आई ओढ्यापर्यंत पोचवायला आली होती. ती पाड्याची धवलेरी. आम्हा वारल्यांत लग्न भटजी लावत नसे, धवलेरी गाऊन लावायची. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहून होईपर्यंत ती एकेका देवाला नावाने बोलवायची. मी म्हटलं, "तूही चल शहाडला." ती म्हणाली, "मंग इथं लग्नां कोन लावील? गानां माझां नाय रं, कणसरीचां हाय." कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. मी हसलो होतो.

पाड्यावरच्यांनो, आणि माझ्यासारखं तिथून उठून इकडे बिऱ्हाड केलेल्यांनो, आईबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते खरं नाही.

शहाडच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात माझं बोलणं ऐकून चौघे हसले. त्यानंतर कुणी विचारलं की मी 'शहापूरकडचे शेतकरी' एवढंच सांगायचो. घरात बोली बंद, चौक बंद. आता टिटवाळ्याच्या फ्लॅटमध्ये धाकट्या मुलीने वारली चित्र फ्रेम करून लावलंय. शेजारच्या काकू म्हणतात, "काय क्लासी दिसतं हो!" आता माणसं बदलली, का तेव्हा मीच उगाच घाबरलो होतो, हे मला अजून ठरवता येत नाही.

थोरलीचं लग्न विठ्ठलवाडीच्या हॉलमध्ये होतं. आईला मी नुसतं 'ये' म्हटलं होतं. ती नवं लुगडं नेसून, टोपलीत तांदूळ आणि दिवा घेऊन आली. नातीचं लग्न तीच लावणार, असं तिने धरलं होतं. व्याह्यांनी विचारलं, "ह्या कोण?" मी म्हणालो, "पाड्यावरच्या आहेत. भांड्यांना बोलावलंय."

आईने ऐकलं. टोपली कोपऱ्यात ठेवून ती मोरीवर गेली आणि पंगती उठेपर्यंत ग्लास विसळत बसली. मी दोनदा तिच्या पाठीमागून गेलो, थांबलो नाही.

त्यानंतर पाड्यावर कुणी लग्नाला बोलवायला आलं की ती म्हणायची, "घसा बसला." मीही सगळ्यांना तेच सांगितलं. दोन-तीन वर्षांत तिथे भटजी आणि बँजो आले. काही वर्षांनी आई गेली.

धाकटी वैशाली ठाण्यात गाणं शिकवते. गेली काही वर्षं ती पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्यांजवळ बसून धवल्याची, म्हणजे धवलेरीची लग्नातली, गाणी गोळा करते आणि स्टेजवर गाते. जनगणनेच्या कागदावर धर्म हिंदू लिहायचा की आदिवासी, यावरही माझ्याशी वाद घालते. मागच्या शोमध्ये माइकवर म्हणाली, "आजीचा आवाज गेला, आणि आमचे देव मुके झाले." टाळ्या पडल्या. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

परवा चहा पिताना तिने विचारलं, "बाबा, कणसरीला बोलावायचं कडवं कुठेच मिळत नाही. तुम्हाला येतं ना?"

येतं. पण पुरुषाने ते म्हणायचं नसतं. आणि लग्न नाही, चौक नाही, स्टेजवर गिटार वाजतेय, अशा ठिकाणी देवीला बोलावलं तर ती येऊन बसणार कुठे? की हाही माझा पळ काढण्याचाच प्रकार? कडव्याऐवजी मी तिला हॉलमधलं सगळं सांगितलं.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि मी दहा वर्षं लोकांना घसा-घसा सांगत फिरतेय. बाबा, तुम्ही मला पण ग्लास विसळायला बसवलंत."

"आता तू खरं सांग स्टेजवरून."

"मी का सांगू? लिहा तुम्ही. आणि रविवारी पाड्यावर कार्यक्रम आहे, तिथे तुमच्या तोंडाने सांगा. मग बघू कडव्याचं."

म्हणून हे लिहिलं. ती मला माफ करेल की नाही, माहीत नाही. कडवं म्हणावं की नाही, तेही कळत नाही. पाड्यावर कुणी बसायला गोणपाट टाकेल की तोंड फिरवेल, याचा अंदाज नाही. एवढं मात्र दिसतंय, की इतकी वर्षं शहाडला, टिटवाळ्याला खोटं बोललो, इथे कुणाचं काही अडलं नाही. तिथे एका बाईचं गाणं थांबलं आणि सगळ्या पाड्याची लग्नं बदलली. माझ्या बोलण्याने जिथे एवढं मोडलं, माझं खरं घर तेच असणार.